फोटोतून कापलेली आई

“मग काय, हिलाही आता कोट्यातून कार्ड मिळणार म्हणायचं!”

आपटे साहेब असं म्हणाले आणि सोफ्यावर मागं रेलून हसले. शुक्रवारची, म्हणजे इथं सुट्टीची, सकाळ. समोर पोह्यांच्या बशा. त्यांच्या हातात माझ्या लग्नाचा फोटो. शेजारी माझी बायको बसलेली.

आणि मीही हसलो. चांगले दात काढले.

ते काय बोलले ते नंतर. मी हसलो, हे आधी सांगायचंय. त्यासाठीच हे सगळं सांगतोय.

माझी बायको निलमिनी श्रीलंकेची. मी ओमानमध्ये दुक्मच्या साइटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होतो, ती तिथल्या दवाखान्यात नर्स. पत्र्यानं माझा तळहात फाटला, तिनं सहा टाके घातले. पुढचं सांगायला नको. लग्न माझ्या गावी झालं, चिपळूणजवळ, आमच्या विहारात. नंतर माझी बदली मस्कतला झाली. तिनं नोकरी सोडली आणि माझ्या व्हिसावर आली. अल् घुब्रात भाड्याचा फ्लॅट घेतला. तीन वर्षं होतील आता.

माझं कॉन्ट्रॅक्ट संपायला चार महिने राहिलेत. ते संपलं की इथला माझा व्हिसा खलास, आणि माझ्याबरोबर तिचाही. मला गावी परतायचंय. आई एकटी आहे, तिचे गुडघे गेलेत. पण निलमिनी भारतात पाहुणी. कायमचं राहायचं तर तिला ओसीआय कार्ड हवं, परदेशी माणसाला भारतात कायम राहू देणारं. त्यासाठी नवऱ्यानं मागं उभं राहायचं, लग्न खरं आहे, दोघं एकत्र नांदतो, हे कागदावर दाखवायचं. कार्ड नाही झालं तर ती तिच्या कुरुनेगलला आणि मी माझ्या गावाला. मग बसा व्हिसाच्या तारखा बघत.

आमची फाइल बशीर करतो. केरळचा आहे, टायपिंगचं दुकान आहे त्याचं. तो म्हणाला, “साहब, दो लेटर लगा दो, जो आपको अच्छे से जानते हैं. बड़ा आदमी हो तो अच्छा. और शादी का एक फोटो, फॅमिली के साथ.”

एक पत्र निलमिनीच्या जुन्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं लगेच दिलं. दुसऱ्यासाठी मी गेलो आपटे साहेबांकडं. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. पंचवीस वर्षं मस्कतमध्ये आहेत, मोठ्या कंपनीत मॅनेजर. घरी गणपती बसवतात. दोन वर्षं त्यांचं मखर मी करतोय. रात्री जागून नाही हो, चांगली सुट्टी टाकून. वहिनी निलमिनीला ओट्याशी घेऊन मोदक वळायला शिकवायच्या.

कारण त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं.

माझं आडनाव असं आहे की कुठंही खपतं. कुणी विचारलं, “गावात कुठं?” तर मी सांगायचो, “बाजारपेठेजवळ.” आमची वाडी बाजारपेठेपासून तीन किलोमीटरवर. बौद्धवाडी. हा शब्द मस्कतमध्ये माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. घरात बुद्धाची मूर्ती दिसली की पाहुणे विचारायचे. माझं उत्तर तयार. “बायको श्रीलंकेची ना!” पाहुणे म्हणायचे, “हां हां, बरोबर.” बायकोच्या मागं लपणारा नवरा. असा होतो मी. बाबासाहेबांचा फोटो कपाटात, साड्यांच्या खाली.

आणि तो लग्नाचा फोटो. मध्ये आम्ही दोघं, पांढऱ्या कपड्यांत. डावीकडं मामा-मामी. उजवीकडं टेबल, त्यावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, हार घातलेली. टेबलाला धरून आई उभी. तेव्हाच तिला नीट उभं राहवत नव्हतं. तरी उभी राहिली.

मला काढायचे होते फक्त बाबासाहेब. पण कात्री सरळच जाते. बाबासाहेब गेले आणि आईही गेली. मी तो तुकडा बघितला. आई दिसत होती त्यात. तरी उरलेला फोटो पाकिटात घालून पाकीट बंद केलं. मामा-मामी आहेत ना, म्हटलं, फॅमिली झाली.

आपटे साहेबांनी फोटो उजेडात धरला. “वा! पण पांढरी साडी?”

“हिच्याकडची पद्धत,” मी म्हणालो.

“आणि तुमच्या मातोश्री कुठं दिसत नाहीत?”

“आजारी होती. नाही येऊ शकली.”

निलमिनीला मराठी कळतं. बोलतेही. पण तिचं मराठी माझ्यासारखं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नाही. रोज दुपारी आई आणि ती व्हिडिओ कॉलवर बोलतात, आमटीला काय घातलं इथपासून. आईचं बोलणं तिनं जसंच्या तसं उचललंय.

“नाय,” ती म्हणाली. “आई व्हती. हितं उभी व्हती.” तिनं फोटोच्या बाहेर, टीपॉयच्या काचेवर बोट ठेवलं. “हितं. बाबासायबांच्या फोटोजवळ.” मग माझ्याकडं वळून विचारलं, “तू कापला?”

तिचा काय दोष? तिच्या गावात बुद्ध सांगायला कुणी घाबरत नाही. आपण इथं काय लपवतोय ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, का? तोच प्रश्न मला नको होता.

आपटे साहेबांनी फोटो खाली ठेवला. “अच्छा,” म्हणाले. “अच्छा, अच्छा.” दोन वर्षं ओळखतात मला. त्या दिवशी पहिल्यांदा बघत असल्यासारखं वरपासून खालपर्यंत बघितलं. “अहो, मग आधी सांगायचं की! आम्ही काही मानत नाही हो असलं.” आणि लगेच तो कोट्याचा विनोद.

मी हसलो.

मग त्यांनी पेन काढलं. पत्र मीच इंग्रजीत टाइप करून नेलं होतं. ‘आमचे कौटुंबिक मित्र’ असं लिहिलं होतं त्यात. त्यावर त्यांनी रेघ मारली.

“फॅमिली फ्रेंड नको. याच बिल्डिंगमध्ये राहतात, एवढं पुरे. उद्या चौकशीबिवकशी झाली तर उगाच डोक्याला ताप.”

सही केली. वहिनी दुसऱ्यांदा चहा घेऊन आल्या. पहिला चहा कपबशीत आला होता. हा कागदी कपात आला. आम्हा दोघांना कागदी, साहेबांना त्यांचा नेहमीचा मग. “कप सगळे घासायला पडलेत,” वहिनी म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, “आणि यंदा मखर रेडिमेडच आणायचं म्हणतोय आम्ही. तुम्हाला किती त्रास देणार!”

मी तो चहा प्यायलो. “थँक्यू साहेब” म्हणालो. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि शेपूट घालून बाहेर पडलो.

लिफ्टमध्ये निलमिनी म्हणाली, “तू कशाला हसला?”

“सही पाहिजे होती. तुझ्याच कार्डाला.”

“माझ्या कार्डाला. मंग माझ्यावर हसले तवा तू पन हसला?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मारायला हवंच होतं कुणीतरी. तिला त्या विनोदातलं अर्धंच कळलं होतं, पण हसणं पूर्ण कळलं होतं.

मला कांबळे आठवला. दुक्मला माझ्या हाताखाली होता, टेक्निशियन, मंडणगडचा. त्यानं कुठून तरी माझी वाडी काढली होती. एका सकाळी शेडच्या मागं आला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “जय भीम, सर.” किती खुशीत म्हणाला होता. मी म्हणालो, “गुड मॉर्निंग. आजच्या कामाचं परमिट झालं का?” त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला. पुढं वर्षभर तो मला गुड मॉर्निंगच म्हणायचा. ना जास्त, ना कमी. ते मी विसरलो, असं मला वाटत होतं. विसरलो कसला. दाबून ठेवलं होतं.

दुपारी आईचा फोन आला. “झाली काय रे सही?”

मला खोटं सहज बोलता आलं असतं. सवय आहे. पण निलमिनी समोर बसली होती, माझ्याकडं बघत. मी सांगितलं. फोटो कापला ते. आजारी होती म्हणालो ते. हसलो ते.

आई म्हणाली, “मला कापलंस त्याचा काय नाय. मी काय, म्हातारी. पन बाबांना हात लावलास?”

“आई, चुकलं.”

“तुज्या शाळंच्या फीचा अर्ज मी कुनाच्या फोटोखाली बसून भरला, म्हाईत हाय ना? मला सही येत न्हवती. अंगठा उठवला. पन अंगठा उठवताना मी मान खाली घातली नाय. आन तू सही येनारा.” मग म्हणाली, “ठेव. माजी सून कुठं हाय, तिला दे फोन.”

माझ्याशी ती पुढं एक शब्द बोलली नाही. दोघी बोलत बसल्या. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आई ओरडली असती, रडली असती, तर बरं वाटलं असतं. तिनं ते सुख मला दिलं नाही.

संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर गेलो. आपटे साहेबांनीच दार उघडलं.

“हे तुमचं पत्र,” मी म्हणालो. “मला नको.”

“अहो, रागावलात की काय? गंमत केली जरा.”

“ती गंमत नव्हती. सकाळी मी हसलो, ते चुकलं. ते हसणं मी परत घेतोय.”

त्यांचा चेहरा बदलला. “बघा बुवा. बायकोच्या कार्डाचा प्रश्न आहे. इथं कोण देणार तुम्हाला पत्र?”

“तो मी बघतो. आणि साहेब, मी बाजारपेठेजवळचा नाही. बौद्धवाडीतला आहे. कुणी विचारलं तर तसंच सांगा.”

पत्र त्यांच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि जिन्यानं खाली आलो. शूरबीर काही वाटलं नाही. हे दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतं, एवढंच वाटत होतं.

रविवारी बशीरच्या दुकानात गेलो. निलमिनीच्या मोबाइलमध्ये अख्खा फोटो होता. तिनं कुठं काही कापलं होतं? त्याची मोठी प्रिंट काढली. बशीरनं चष्मा वर करून बघितलं.

“ये अंबेडकर साहब? आपकी शादी में?”

“हाँ. और बाजू में मेरी माँ.”

त्यानं फाइल चाळली. “एक लेटर कम है साहब. फाइल कमज़ोर पड़ेगी.”

“पडू दे,” मी मराठीतच म्हणालो. मग पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. “और इधर पता अधूरा है. पहले बौद्धवाडी लिखो. बाद में गाँव.”

फाइल गेली. कार्ड येईल की नाही, माहीत नाही. नाही आलं तर चार महिन्यांनी विमानतळावर आम्ही दोन वेगळ्या रांगांत उभे राहू. तेव्हा माझ्या मनात येईलच, की एक सही ठेवून घेतली असती तर. निलमिनीला मी हे बोललो. ती म्हणाली, “त्या सहीनं मी तुज्या आईच्या दारात कशी गेली असती?”

बाबासाहेबांचा फोटो मी कपाटातून काढला. दार उघडलं की समोर दिसेल असा लावला. बुद्ध त्याच्या खाली. आता कुणी विचारलं तर तो बायकोचा नाही. आमचा आहे. माझा आधी.

एक काम राहिलं होतं. कांबळे अजून दुक्मलाच आहे. पत्र तोही देऊ शकला असता, मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते मागायचं नाही, हे ठरवून, फाइलची पावती घ्यायला सकाळी बशीरकडं गेलो तेव्हा तिथल्या रांगेतूनच मी नंबर लावला.

“हां सर, गुड मॉर्निंग,” तो म्हणाला.

“जय भीम, कांबळे.”

पलीकडून मशीनचा आवाज तेवढा येत होता. त्यानं फोन ठेवला असता तरी चाललं असतं, तो त्याचा हक्क होता.

रांगेत वीसेक माणसं होती. दोघंतिघं मराठी बोलत होते. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.