गोरखचिंचेच्या पुढचे सहाशे मीटर

आमच्या कंपनीचा एक नियम आहे. दर जो भरणार, त्यानेच आधी जागा पायी तुडवायची. मालकांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, हा नियम केला तेव्हा कामं चोपडा, जामनेर, फार तर नंदुरबारपर्यंत असायची. पाण्याच्या पाइपलाइनी टाकणारी जळगावची मध्यम कंपनी आमची. पुढे इथल्या टेंडरांत एवढी गर्दी झाली की नफा औषधालाही उरेना, आणि भाऊंनी परदेशातली कामं धरायला सुरुवात केली. नियम मात्र तोच राहिला. म्हणून असोद्याची एक सून, म्हणजे मी, जी तोवर शिर्डीपलीकडे एकटी गेली नव्हती, आफ्रिकेत जाऊन उभी राहिली. देशाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलं नाही.

लोकांना वाटतं, दर काढायचा म्हणजे खोदाई किती, पाइप किती, मजुरी किती, केला गुणाकार की झालं. कप्पाळ! ते कोणीही करेल. खरं डोकं लागतं ते न दिसणाऱ्या गोष्टींना. तिथलं चलन घसरलं तर? पाइप बंदरात दोन महिने अडकले तर? सरकार बदललं, डिझेल मिळेना झालं तर? प्रत्येक 'तर'साठी थोडं थोडं धरावं लागतं. जास्त धरलं की काम दुसऱ्याच्या घशात जातं. कमी धरलं की काम मिळतं आणि कंपनी बसते. मी कित्येक वर्षं हेच करते आहे आणि मला त्यातलं कळतं, हे सांगायला मी लाजत नाही.

माझ्यासोबत नाना होते. धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे, साठी ओलांडलेले, जन्मभर चर खोदून घेतलेला माणूस. विमानात चप्पल काढून सीटखाली नीट जोडून ठेवली त्यांनी, आणि उतरताना मला म्हणाले, "काय पोरी, एस्टीनाच भाऊ शे हाऊ." त्यांची कामाची एक पद्धत होती. लाइन जिथून जाणार तिथे संध्याकाळी चुन्याची फक्की मारायची, म्हणजे पांढरी रेघ ओढायची, आणि सकाळी तिच्या कडेने चालत जायचं. रेघेवरून कोण कोण गेलं ते ठशांवरून वाचायचं. इथून बायका पाण्याला जातात, इथे वाट सोडावी लागेल. इथून ट्रॅक्टर गेलाय, म्हणजे शेतरस्ता, इथे भांडण होणार. ऑफिसातले तरणे इंजिनिअर हसायचे. मीही हसले आहे. पण नानांनी सांगूनही वाट सोडली नाही म्हणून दोनदा गावकऱ्यांनी काम बंद पाडलं, तेव्हापासून माझं हसणं थांबलं.

टेंडर भरायला आलेल्या सगळ्या कंपन्यांना तिथला सरकारी इंजिनिअर एकत्रच जागा दाखवतो. बाकीच्यांनी गाडीच्या काचा वर करून जागा पाहिली, कागदावर सह्या केल्या आणि त्याच दिवशी परत गेले. त्या कागदात लिहिलेलं असतं की ठेकेदाराने जागा स्वतः पाहिली आहे, आणि पुढे जमिनीतून काहीही निघालं तर जबाबदारी त्याची. सही मीही केली. सगळेच करतात. फक्त आम्ही दोघं दोन दिवस जास्त राहिलो.

जागा पाहून मला हसूच आलं. काळी माती, काटेरी बाभळी, मधूनच केळीचा पट्टा. एवढे पैसे खर्चून शेवटी असोद्याच्याच शिवारात आलो म्हणायचं. लाइनच्या मध्यावर एक भलंमोठं गोरखचिंचेचं झाड होतं आणि त्याच्या पुढे साधारण सहाशे मीटर अशी जागा, की ठेकेदाराला स्वप्नात दिसावी. सपाट, मोकळी, घर नाही, पीक नाही, वाट नाही. मी वहीत त्या तुकड्याला सगळ्या लाइनीतला सर्वात कमी दर लिहिला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाजारात चुना मिळेना. नानांनी मक्याचं पीठ आणलं आणि उन्हं कलल्यावर झाडाच्या अलीकडून पलीकडून, लांबवर त्याचीच रेघ ओढली. मोकळ्या तुकड्यात ते गेले नाहीत, कडेकडेनेच पीठ सोडत गेले. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

"नाना, बकऱ्या चाटून जातील सगळं," मी चिडवलं.

"चाटू दे," नाना म्हणाले. "बकरीना पाय बी माले वाचता येतस."

सकाळी चांगलं ऊन वर आल्यावर आम्ही निघालो. झाडापर्यंत पिठाचा मागमूस नव्हता. बकऱ्यांनी जमीनसुद्धा चाटली होती. खुरं, पोरांचे अनवाणी पाय, सायकलचं चाक, नाना एकेक दाखवत होते आणि मी लिहून घेत होते. मग झाड आलं. झाडाच्या पुढे रेघ जशीच्या तशी होती, संध्याकाळी ओढली तशी, पांढरीशुभ्र. बकऱ्यांची खुरं झाडापाशी येऊन वळली होती. कोणी हाकलल्याच्या खुणा नव्हत्या, नुसती वळली होती. एवढं पीठ उघड्यावर पडलंय आणि बकरीने तोंड लावू नये? गुराखी वळवतात म्हणावं, तर पाखरांच्या पायाचीही खूण नव्हती. ते कसं, हे मला आजही कळलेलं नाही. मुंग्यांची एक ओळ तेवढी पिठावर चालू होती. डोक्यावर ऊन तापलं होतं आणि माझ्या दंडांवर काटा उभा राहिला.

नाना रेघेपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "पोरी, आठे कोन्हा पाय नही शे. बठ्ठा वळसा मारीसन जातस." म्हणजे इथे कोणाचाच पाय पडत नव्हता, सगळे वळसा घालून जात होते.

थोड्या वेळाने इंजिनिअर आला. सभ्य, तरुण, हसतमुख माणूस. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्याने लपवलं नाही. फार वर्षांपूर्वी इथे लढाई झाली होती, तेव्हा या तुकड्यात सुरुंग पेरले होते, आता सगळे काढलेत. बॅगेतून प्रमाणपत्र काढून दाखवलं. सही, शिक्का, सगळं होतं. "जागा साफ आहे," तो म्हणाला. मग आम्ही तिघं मोकळ्या तुकड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या गाडीकडे निघालो. तो पाइपच्या जाडीबद्दल काहीतरी सांगत पुढे चालला होता. झाडापाशी आल्यावर बोलणं न थांबवता तो वळला आणि मोठा वळसा घालून गाडीपाशी पोहोचला. आम्ही मागे मागे गेलो.

"तुम्ही सरळ का नाही आलात?" मी विचारलं.

तो थांबला. मागे वळून पाहिलं. "मी सरळच आलो," म्हणाला.

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. गाडीत बसेपर्यंत मी कुठे पाय टाकते याकडेच बघत राहिले.

जळगावला परतल्यावर मी त्या सहाशे मीटरसाठी वेगळा खर्च धरला. खोदायच्या आधी जमीन पुन्हा तपासून घ्यायची, तोवर यंत्रं आणि माणसं बसून राहणार, विमा वाढवायचा. एकूण दर चांगलाच फुगला. भाऊंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"ताई, कागद म्हणतो साफ आहे. बकरीचे पाय मी कुठल्या रकान्यात टाकू?"

"माझ्या रकान्यात टाका," मी म्हणाले. "तुम्हाला नको असेल तर दर दुसऱ्याकडून भरून घ्या."

मी अशीच आहे, तोंड आवरत नाही. भाऊंनी मला ओळखलेलं आहे. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून तिकडच्या सरकारला लेखी प्रश्न पाठवायला लावला. अशा प्रश्नाचं उत्तर सगळ्या कंपन्यांना जातं, म्हणजे भीती असली तर सगळ्यांना सारखी. उत्तर दोन ओळींचं आलं. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, ठेकेदाराने आपली खात्री करून घ्यावी. आम्ही आमची खात्री करून घेतली होती. बाकीच्यांनी प्रमाणपत्रावरून करून घेतली. काम एका बाहेरच्या कंपनीला गेलं. आठवडाभर ऑफिसात चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी कोणी थांबलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट विसरूनही गेले असते. पण आमचे हे पोकलेन चालवतात. शेततळी, रस्ते, नाले, मिळेल ते, आणि त्या वर्षी काही मिळत नव्हतं. त्या बाहेरच्या कंपनीने जळगावात एका लॉजवर ऑपरेटरांच्या मुलाखती घेतल्या आणि हे मला न सांगता देऊन आले. हातात पत्र आलं तेव्हा सांगितलं. मी ताट तसंच ठेवून उठले.

"तिथे नाही जायचं. दुसरं कुठेही जा."

"तू दर वाढवलास म्हणून आपल्या भाऊंना काम मिळालं नाही," हे म्हणाले. "आता मला मिळतंय तर तेही मोड."

आणि ते खरं होतं. दोन मुली, मोठीची फी. मी चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी त्यांची बॅग मीच भरली. शेवेची पाकिटं, काळा मसाला, कळण्याचं पीठ. आणि एवढंच वदवून घेतलं की गोरखचिंच आली की आजारी पडायचं. ते हसले. पण हो म्हणाले.

तिथे यांच्या खोलीत पहूरचा एक ऑपरेटर होता. यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, बोलका. रोज दुपारच्या जेवणाला व्हिडिओ कॉल यायचा आणि तो मागून पातेलं दाखवायचा. "वहिनी, भाऊला शेवभाजी घालतोय, काळजी करू नका." मी हसायचे. त्याच्याशी रोज बोलायचे मी. त्याला ते सहाशे मीटर कधी सांगितले नाहीत. सांगितलं असतं तर साइटभर झालं असतं, ह्यांना परत पाठवलं असतं, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर माझ्या डोक्यात ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतंच.

एके दिवशी यांनी कॉल लावला आणि कॅमेरा फिरवला. "तुझं झाड आलं बघ."

तेच होतं. फांद्या वर, पानं नाहीत. मागे दूरवर माणसं उभी होती. शंभर तरी असतील, बायका, म्हातारे, पोरं हाताशी धरलेली.

"हे कोण?"

"गावातले. इतके दिवस काम चाललंय, कुणी बघायला फिरकलं नाही. आज सकाळपासून उभे आहेत. बोलत नाहीत, बसत नाहीत."

मी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. कोणी एक पाऊल पुढे यायला तयार नव्हतं, आणि कोणी जातही नव्हतं. सगळे ज्या तऱ्हेने उभे होते, तशी आमच्याकडे माणसं तिरडी उचलण्याआधी अंगणात उभी राहतात.

"तुम्हाला ताप आलाय," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

ते उतरले. माझ्यासाठी उतरले, त्यांना स्वतःला काही वाटत नव्हतं. खोलीत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी कॉलवर कुरकुर सुरू. काल काही झालं नाही, मशीन रिकामी नाही ठेवली साहेबांनी, जवळपास निम्मं खोदून झालं, मी उगाच पडून आहे, दुपारी जातो. मी ओरडले. ऑफिसात सगळ्यांसमोर फोनवर ओरडले की तुम्ही उठलात तर मी मुलींना घेऊन माहेरी जाईन. ते म्हणाले, बरं बाई, पडतो.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मशीन रिकामी नाही ठेवली, असं ते म्हणाले होते. मग तिच्यावर कोण बसलंय? मी फोन हातात घेतला. पुन्हा लावावा असं वाटलं, आणि लावला नाही. लावला असता तर काय सांगणार होते? तासाभराने यांचाच कॉल आला. चित्र नव्हतं, नुसता आवाज, तोही श्वासाचा. मशीनला काही झालं नव्हतं. पाइपची खूण बघायला पहूरचा तो ऑपरेटर खाली उतरला होता.

सगळ्यांना परत पाठवेपर्यंत तीन महिने गेले. हे आल्यावर आम्ही पहूरला गेलो. मला जायचं नव्हतं. ह्यांनी गाडी काढली आणि मी मागे बसले. तो ओसरीत खाटेवर होता, डावा पाय गुडघ्याखाली नाही. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानेच आम्हाला धीर दिला, त्यानेच बायकोला चहा टाकायला सांगितलं. हे कपाकडे बघत बसले.

"भाऊला त्या दिवशी ताप आला ते बरंच झालं, वहिनी," तो म्हणाला. "त्याला दोन पोरी. देवानंच धाडला तो ताप."

त्याची बायको पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहून, अगदी काळजीने विचारलं, "लई होता का हो ताप?"

मीच सांगितलं, एकशे तीन होता.