कुलूपकाका आणि पुसल्या गेलेल्या गोष्टी

कुलूपकाकांचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहायचं आणि फक्त त्याची कोपरं दुकानात यायची. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, समोर किल्ली कापायचं कर्कश यंत्र आणि काकांच्या बाह्यांवर कायम पितळेचा चुरा. किल्ली करून घ्यायला येणाऱ्याला काका किल्ली देत आणि तिच्यासोबत स्वतःची मतंही. किल्लीचे पैसे पडत, मतं फुकट असत आणि नको म्हणायची सोय नसे.

एक मत असं, की चांगल्या कुलपाला लपवण्यासारखं काही नसतं. त्यांच्याकडे एका बाजूनं कापलेलं कुलूप होतं. ते दाखवून ते सांगायचे, की बघा, आतलं सगळं उघडं आहे, तरी किल्लीशिवाय हलतं का? ज्या कुलपाला आपलं पोट दाखवायची लाज वाटते, ते कुलूप कच्चं. एकदा जावयानं सहज सांगितलं, की काही सॉफ्टवेअरही असंच असतं, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. झालं! काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. दुकानातल्या कॉम्प्युटरपासून घरातल्या फोनांपर्यंत सगळीकडे त्यांनी तसलंच सॉफ्टवेअर घालून घेतलं. जावई कॉम्प्युटरमधलाच, त्याला सासऱ्यांचं कौतुकच वाटलं. मुलीला मात्र आपल्या नवऱ्याची दया आली.

दुसरं मत जास्त कडक होतं. किल्ली कापताना बिघडली, तर काका ती हातोडीनं चेपून टाकत. कुणाच्याही किल्लीची नक्कल दुकानात राहता कामा नये, हा धंद्याचा धर्म. तोच धर्म त्यांनी फोनलाही लावला. काकूंनी नवा फोन घेतला, त्या दिवशीच त्यांनी बॅकअप बंद करून टाकला. आपल्या फोनातलं सगळं कंपनीकडे ठेवायचं म्हणजे परक्याच्या घरी डुप्लिकेट किल्ली ठेवण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय घरातले सगळे निरोप आठवड्यानं आपोआप पुसले जातील, अशी व्यवस्था केली. झाकली मूठ सव्वा लाखाची. जावई त्यांच्या माघारी त्यांना ‘झाकली मूठ’च म्हणायचा.

काकूंनी हो ला हो केलं. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. रोज दुपारी, काका दुकानात असताना, त्या फोनवर एक गोष्ट बोलून ठेवत आणि परगावच्या नातीला, लेकीच्या फोनवर, पाठवत. नात ती ऐकून झोपे. गोष्टी काकूंच्या स्वतःच्या, कुठल्या पुस्तकातल्या नव्हेत. काकांनी त्यातली एकही कधी ऐकली नव्हती. दुसऱ्याच्या निरोपाला कान लावायचा नाही, मग तो बायकोचा का असेना.

आणि एक दिवस काकूंचा फोन साबणाच्या पाण्यात पडला.

टबातून काढला तेव्हा त्यातून फेस येत होता. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, हुंगला आणि मान हलवली. आतलं काही म्हणजे काहीच वाचलं नव्हतं. बॅकअप नाही. मुलीच्या फोनवरून निरोप पुसले गेलेले. काकांनी दोन्ही दारं इतकी पक्की बंद केली होती, की आता आत जायला घरच्यांनाही वाट उरली नव्हती. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणात काका तरबेज होते. पण काकू फक्त “असू दे” म्हणाल्या आणि गोष्टी सांगायच्या बंद झाल्या. नवा फोन आला, नातीचा हट्ट आला, तर म्हणाल्या घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. दुपारी दोघं जेवायला बसली की वाट्यांचा तेवढा आवाज. काकांना जेवण जाईना. इतकी वर्षं ज्या बडबडीला ते वैतागले होते, तिच्यावाचून घर त्यांना खायला उठलं. काहीही करून त्या गोष्टी परत आणायच्या, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

शेवटी दुकानातून त्यांनी मुलीला फोन लावला. चूक माझी आहे, म्हणाले. एखादी तरी गोष्ट कुठे उरली असेल का?

मुलीला हसू आवरेना.

“बाबा, रागावणार नसाल तर सांगते.”

नातीनं त्या गोष्टी मैत्रिणीला ऐकवल्या होत्या. मैत्रिणीच्या आईनं स्वतःचा फोन शेजारी धरून त्या भरून घेतल्या. तिच्याकडून त्या वर्गातल्या दुसऱ्या आयांकडे गेल्या, तिथून बाईंकडे. आता अर्धी शाळा त्या गोष्टींवर झोपत होती. आणि प्रत्येक गोष्टीत एक कुलूपवाला होता. तो कोण, हे सगळ्या मुलांना ठाऊक होतं.

काकांची कानशिलं तापली. न विचारता! लोकांच्या फोनांत! माझ्याबद्दल! एरवी त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं आणि झाडून सगळ्यांना त्या पुसायला लावल्या असत्या. तोंड उघडलंही होतं. पण “असू दे” म्हणणारा काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तोंड पुन्हा मिटलं.

“सगळ्या गोळा कर,” ते म्हणाले. “एकही सोडू नकोस.”

गोष्टी आल्या तेव्हा दुकानाशी बेकरीवाला आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर उभे होते. काकांनी हळूच ऐकायला म्हणून बटण दाबलं आणि काकूंचा आवाज भर रस्त्यात खणखणला. कुलूपवाला नवं कुलूप तपासायला स्वतः कपाटात शिरला, दार ओढून घेतलं आणि किल्ली राहिली बाहेर. बेकरीवाला पोट धरून हसला. पुढच्या गोष्टीत कुलूपवाला पासवर्ड टाकताना तो मोठ्यानं पुटपुटायचा आणि सगळ्या गल्लीला तो पाठ झाला होता.

“असलं काही नाही,” काका म्हणाले.

ड्रायव्हरनं शांतपणे काकांचा पासवर्ड म्हणून दाखवला. बेकरीवाल्यानं शेवटचा आकडा दुरुस्त केला.

गिऱ्हाइकं गेली तरी काका ऐकतच राहिले. गोष्टींत त्यांची पुरती फजिती होती, पण फजिती करणारा आवाज इतका मायेचा होता, की ते स्वतःच त्या वेंधळ्या कुलूपवाल्याच्या प्रेमात पडत चालले होते. मग एक गोष्ट लागली. कुलूपवाल्यानं बायकोसाठी गुपचूप कानातले आणले. ते इतके छान लपवले, की कुठे लपवले तेच विसरला. गेली कित्येक वर्षं बिचारा शोधतोय. बायकोला ते कधीच सापडले होते, दुकान झाडताना, गंजक्या स्प्रिंगांच्या डब्यात. तिनं घालून पाहिले, आरशात पाहिलं आणि परत तिथेच ठेवले. का ठेवले? नातीनं विचारावं म्हणून आवाज जरा थांबला. मग म्हणाला, “अगं, त्याला स्वतः द्यायचे होते ना. मी घेतले असते तर त्याची गंमत गेली असती.”

काकांनी यंत्र बंद केलं. खालच्या फळीवरून स्प्रिंगांचा डबा ओढला. बोटं काळी झाली, पण तळाशी ती छोटी पुडी होती.

भर दुपारी दुकान बंद करून ते घरी गेले. काकूंसमोर पुडी ठेवली आणि शेजारी फोन. काकूंनी दोन्हींकडे पाहिलं आणि त्या चक्क घाबरल्या. आपली चोरी पकडली गेली, हे त्यांच्या लक्षात आलं. काका एवढंच म्हणाले, की गोष्टी सगळ्या मिळाल्या आहेत. त्या साठवायला जावईबापू आपल्याच घरात एक छोटी पेटी बसवून देणार आहेत, सॉफ्टवेअर उघड्या पोटाचं आणि किल्ली आपली. पेटीतल्या सगळ्याची एक नक्कल लेकीच्या घरी राहील. ‘नक्कल’ म्हणताना ते थोडे अडखळले, पण म्हणाले.

काकूंनी कानातले घातले. आरशाकडे गेल्याच नाहीत, काकांकडेच पाहत राहिल्या.

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दल काही सांगायचं तर आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारून सांगेन.”

आयुष्यभर काका लोकांना हेच तर सांगत आले होते.

“विचारू नकोस,” ते म्हणाले. “विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल.”