वेळेवर भरलेली बिलं

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लाइनीत उभं राहायला आवडायचं. मला ही आवड कधीच कळली नाही. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस. निवृत्तीनंतर घरात पंख्याखाली बसावं की नाही? पण नव्वदच्या दशकात दर महिन्याला ते लाइट बिल भरायला निघत. आमचंच नव्हे, गल्लीतल्या चार-पाच घरांचं. शेजारणी आदल्या दिवशीच बिल आणि पैसे आणून देत. भरणा केंद्रावर दोन तास उभं राहून, जगभरच्या गप्पा मारून, भेळभत्त्याचा पुडा घेऊन ते परतत. मग आमच्या बिलाच्या मागे भरल्याची तारीख लिहून ते स्वयंपाकघरातल्या तारेत खोचत. आई विचारायची, "झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून?"

आई गेली. मी पुण्याला बँकेत नोकरीला. एका उन्हाळ्यात लाइनीतच अण्णांना भोवळ आली आणि माझं डोकं फिरलं. तोवर ऑनलाइन बिलं भरायची सोय आली होती. लाइटचं आणि फोनचं बिल त्यांच्या खात्यातून आपोआप जाईल, अशी व्यवस्था मी पुण्यात बसून केली. शेजाऱ्यांनाही बजावलं, यापुढे अण्णांच्या हातात बिलं द्यायची नाहीत.

"मग मी काय करू?" अण्णांनी फोनवर विचारलं.

"आराम करा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सोय उत्तमच होती, खोटं कशाला बोलू? ना ऊन, ना रांग, ना शेवटच्या तारखेची धावपळ. दोन वर्षांत ना लाइट कापली गेली, ना फोन बंद पडला. अण्णांचं कसं सुरळीत चाललंय, हे मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे. रविवारी ते फोनवर "सगळं ठीक" म्हणायचे आणि मला तेवढं पुरायचं.

एका दिवाळीला मी घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बिल भरायला गेलेत. रोजच जातात."

मी तशीच केंद्रावर गेले. अण्णा खिडकीशी उभे होते. हातात तारेवरचं एक जुनं, चुरगळलेलं बिल. त्याच्या मागे त्यांच्याच अक्षरात भरल्याची तारीख होती.

"आम्ही रोज सांगतो, काका, हे भरलंय," खिडकीतल्या बाई मला म्हणाल्या. "बरं म्हणतात, हसतात आणि जातात. आम्हाला वाटलं, एकट्याला करमत नसेल."

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. "व्यवहारात चुका व्हायला लागल्या असतील ना? बिलं भरायची राहतात, तसं काही?" त्यांनी विचारलं. बिलं तर खात्यातून आपोआप जात होती. एखादं बिल राहिलं असतं, शेजाऱ्यांचे पैसे कुठे ठेवले ते आठवलं नसतं, तर सगळ्या गल्लीने बोंब मारून मला बोलावून घेतलं असतं. अण्णांना चुकायला मी जागाच ठेवली नव्हती. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुण्याला यायला ते तयार नव्हते, म्हणून घरी सांभाळायला एक मावशी ठेवल्या. लाइट बिलाची ती व्यवस्था मी बंद केली. बिल आलं की मी सुट्टी काढून नाशिकला जायचे आणि अण्णांचा हात धरून लाइनीत उभी राहायचे. पैसे त्यांच्याच हाताने खिडकीत द्यायला लावायचे. शेवटच्या वर्षी एकदा मागच्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "मुलगी का बरोबर?"

अण्णांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नाही हो. या बाई भल्या आहेत, सोबत येतात," ते म्हणाले. "माझी मुलगी पुण्याला असते. तिला उगाच त्रास नको, म्हणून बिल मीच भरतो."