पापडांच्या राखणीचं ऊन

डॉक्टर 'मल्टिपल स्क्लेरोसिस' म्हणाले, तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच नसांवरचं आवरण खरवडते, मग मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात, असं त्यांनी समजावलं. मी एकच विचारलं, बुद्ध पौर्णिमेला बेडशाची लेणी चढता येतील का? लग्न झाल्यापासून तिथली वंदना मी कधी चुकवली नव्हती.

"आधी उपचार, मग बघू," ते म्हणाले.

सलाइनमधून स्टिरॉइड दिल्यावर डोळा बराचसा निवळला. रोज घ्यायचं औषध सुरू झालं. रक्ततपासणीत दोन गोष्टी आल्या होत्या : लाळेतून पसरणारा एप्स्टाइन-बार व्हायरस होऊन गेल्याच्या खुणा, आणि व्हिटामिन डी फारच कमी. सोबत आलेल्या सासूबाईंनी हळूच विचारलं, उष्ट्या चहातून आलं का हे?

"आजी, हा व्हायरस बहुतेकांना कधीतरी होऊन जातो. माझ्याही अंगात असेल," डॉक्टर म्हणाले. " त्यातल्या मोजक्यांनाच पुढे हा आजार होतो. आजार एकमेकांना लागत नाही."

आईंचा जीव भांड्यात पडला. व्हिटामिनचा मात्र त्यांना अपमानच वाटला. शेती करणाऱ्या घरात ऊन कमी पडावं? आता मी दिवसभर तुंगार्लीतल्या पर्यटकांसाठीच्या बंगल्यांचं बुकिंग घेत बंद खोलीत बसते, त्याला बिचारं ऊन काय करणार! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आजार जाणार नाही, पण कमतरता भरून निघेल, आणि थोडं ऊनही घ्या, म्हणाले.

आईंनी ते फारच मनावर घेतलं. कार्ल्याच्या आमच्या गच्चीवर पापड वाळत होते, कावळ्यांपासून राखण हवीच होती. भर दुपारी त्यांनी मला तिथे बसवलं. थोड्या वेळातच डोळ्यापुढे पुन्हा धुकं आलं, पायांत मुंग्या आल्या. गेली पौर्णिमा, म्हणत मी रडायलाच लागले. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला.

"आधी सावलीत आणा. अंग तापलं की जुन्या जखमेपाशी निरोप अडतात. बहुतेक नवा झटका नाही. अंग गार होऊनही धुकं राहिलं, तर लगेच या."

मानेवर ओला टॉवेल ठेवला. चहा होईपर्यंत नजर निवळली. आई शेजारी बसून पदराने वारा घालत होत्या.

"माजंच चुकलं गं. तुला पापडासंगं वाळत घातली."

मला इतकं हसू आलं की टॉवेल खाली पडला.

तुमच्याही हाती असा रिपोर्ट आला, तर घाबरून डॉक्टरांचं औषध सोडू नका. ऊन घ्या, पण कोवळं. आणि घरात अशी सासू असेल, तर तिला दवाखान्यात सोबत न्याच.

पौर्णिमेला आम्ही उजाडताच निघालो. पांढऱ्या साड्या, माझ्या मानेवर ओला टॉवेल. दर थोड्या पायऱ्यांनी आई स्वतःच दमल्याचं सांगून बसायच्या. त्या अजिबात दमल्या नव्हत्या.

वर पोचलो, तेव्हा लेण्याच्या तोंडाशी कोवळं ऊन आलं होतं. वंदना झाली. मी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने खांबांवर पाहिलं. दगडी घोड्यांचे कान दिसत होते.

"काय बघतीस?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उन्हातल्या दगडावर मला जागा करून दिली.

"बस हितं. हितं पापड न्हाईत."