सहा शर्ट

माझा धाकटा भाऊ चित्रपटनिर्माता आहे. त्याच्या कामाविषयी मी हे लिहीत आहे, कारण त्या कामात आमच्या आईची एक गोष्ट होती.

घरची भाषा आणि शाळेत शिकलेली पश्चिमेकडची भाषा, अशा दोन्ही भाषा भावाला सारख्याच येतात. दोन्हीकडची माणसे एकत्र आणून तो चित्रपट काढतो. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होतो, आधी आपल्या भाषेत आणि मग त्यांच्या. बैठकीत दुभाषाही तोच असतो. पैसे घालणारे इकडचे शेठ म्हणत, "यांना काय कळतंय डोंबल!" तो तिकडे सांगे, की शेठना विचाराला वेळ हवा आहे. तिकडचे काही टोचून बोलत, पण इकडे येईपर्यंत त्याचे कौतुक झालेले असे.

"ताई, दोघांनाही हो म्हणायचं," तो मला सांगे. "नाही म्हटलं की दुकान बंद."

आईची गोष्ट अशी आहे. भाऊ अंगावर पीत होता तेव्हा वडील घर सोडून गेले. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करू लागली. सहा वर्षांनी एका दुपारी वडील दारात उभे राहिले. आईने त्यांना पाणी दिले. कपाटात इस्त्री करून ठेवलेले त्यांचे सहा शर्ट काढून त्यांच्या हातांवर ठेवले आणि दार लावून घेतले. ती एक शब्दही बोलली नाही. मी सोळा वर्षांची होते आणि तिच्या शेजारी उभी होते. भाऊ शाळेत होता.

या गोष्टीवर चित्रपट काढायचे ठरले, तेव्हा मी त्याला म्हटले, "दाराचा प्रसंग जसा घडला तसाच ठेव. त्यात कुणी बोलतच नाही. दोनदा करायची गरजच नाही."

"हो ताई," तो म्हणाला.

तो हे सर्वांनाच म्हणतो, हे ठाऊक असूनही मी विश्वास ठेवला.

चित्रीकरणात कपड्यांना इस्त्री करण्याचे काम माझ्याकडे होते. दाराच्या प्रसंगाच्या दिवशी आईचे काम करणाऱ्या बाई माझ्याकडे पदर नीट करायला आल्या. "ताई, सकाळी आपल्या भाषेत नवऱ्याला रडत रडत घरात घेतला," त्या म्हणाल्या. "आता जेवण झालं की त्यांच्या भाषेत शर्ट जाळून हाकलायचाय. संसार करू की सोडू, एकदाचं सांगा बाई!"

सगळे हसले. मी भावाकडे गेले.

"शेठ म्हणतात, नवऱ्याला बाहेर काढलेलं आपल्या लोकांना रुचणार नाही," तो म्हणाला. "आणि तिकडचे म्हणतात, बाई गप्प राहिली तर तिला राग आला हे कळणार कसं?"

"आणि मला काय म्हणाला होतास?"

"तू घरचीच ना, ताई. तू समजून घेशील."

दुपारच्या प्रसंगासाठी शर्ट मीच इस्त्री केले. पहिल्या वेळचे चित्रण बिघडले, म्हणून आणखी सहा केले. कॉलरी ताठ हव्यात, असे कॅमेरावाल्याने बजावले होते. मी त्या ताठ केल्या. कामाला नाही म्हणणे मलाही जमले नाही, हे येथे लिहिणे भाग आहे.

चित्रपट दोन्हीकडे चालला. इकडच्या बायका आई किती सोशिक म्हणून रडल्या आणि तिकडे आई किती धीट म्हणून टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात तिकडचा एक पाहुणा मुलाखत घ्यायला भावाच्या घरी आला. मी चहा घेऊन गेले. भाऊ त्यांच्या भाषेत बोलत होता आणि हाताने ज्वाळा दाखवत होता.

"काय सांगतोस त्याला?" मी विचारले.

"आईने शर्ट जाळले ते. मला तो धूर अजून आठवतो, ताई."

"कुणी जाळले? तू शाळेत होतास."

"नव्हतो ग. दाराआडून बघत होतो. तुझं वय झालंय, तू विसरतेस."

"आईने ते वडिलांच्या हातात दिले," मी पाहुण्याकडे पाहून मोठ्याने म्हटले. "घड्या न मोडता दिले. सांग त्याला."

भावाने हसून पाहुण्याला काहीतरी सांगितले. पाहुणा उठला. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन प्रेमाने दाबला आणि तो पुन्हा खाली बसून लिहू लागला.