पुढची बांधी

माझं काम संगणकाला याद्यांमधून चालायला शिकवण्याचं. यादीला एकदा मोकळं सोडलं, की ती एका दमात शेवटापर्यंत धावते. मला ते काही आवडत नाही. मी यादीच्या बाहेर एक इटरेटर ठेवते. आपण कुठवर आलो, एवढंच त्याला ठाऊक. 'पुढचं दे' म्हटलं, की तो एकच देतो आणि गप्प उभा राहतो.

सिहोऱ्याकडे आमचं गाव. बाबा तिथल्या तलावाचे पाणकर होते. खांद्यावर फावडं टाकून बांधीमागून बांधी, म्हणजे खाचरामागून खाचर, धानाला पाणी सोडत जायचे. कुठल्या बांधीनंतर कुठली, हे कागदावर कुठंच नाही, सारं त्यांच्या डोक्यात. आता त्यांची आठवण विरत चालली, तेव्हा गावाला तो क्रम वहीत लिहून हवासा झाला. मंडळींसमोर बाबा सगळं एका दमात सांगायला जात, मोहावाल्या बांधीशी अडखळत, पुन्हा तलावापासून सुरू करत. तिसऱ्या खेपेला त्यांना रडू आलं. मला सगळ्या गावाचा राग आला.

मग कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. घरूनच नोकरी, त्यामुळे संध्याकाळी लॅपटॉप मिटून आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो. कालची बांधी मी सांगते, पुढची तेवढी विचारते. बाबा डोळे मिटतात. त्यांचे पाय हळूच हलू लागतात, चिखलातून चालल्यासारखे. "चिचवाली," म्हणतात, आणि पाणी कुठल्या कोपऱ्यातून आत घ्यायचं ते बोटानं हवेत दाखवतात. मला तेव्हा घोट्याशी गार पाणी लागतं, खरंच लागतं.

वही भरत आली. बांधीच्या खुणांमध्ये उरलंसुरलं पाणी शेवटी जिथं उतरतं तो नाला यायला लागला, म्हणजे आता दोनतीनच उरल्या असणार. आणि मी चालढकल सुरू केली. आज उशीर झाला, उद्या बघू. कधी थांबायचं हे विचारणाऱ्याच्या हाती असतं, म्हणून तर मला इटरेटर आवडतो. शेवटची बांधी आली की बाबांना विचारण्यासारखं काही उरणार नाही, याची मला फार भीती वाटत होती.

परवा मी पाळीवर बसून नुसती बगळ्यांबद्दल बोलत राहिले. बाबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग माझ्या मांडीवरची वही उघडून माझ्या हातात दिली.

"बाई, पुढची काहून नाही विचारून राहिली? आज मले याद आहे."

मी विचारली.