आइस्क्रीमच्या काड्या

ह्यांच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या फ्लॅटवर येते. हरियाणातल्या रोहतककडची आहे, आवाज खणखणीत. पर्समध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचा रबरबँड लावलेला जुडगा असतो. आखडलेला जबडा मोकळा व्हावा म्हणून ह्यांच्या दातांमध्ये ती काड्या एकावर एक सरकवते आणि "एक और, अंकलजी, बस एक और" म्हणत राहते. आधी मला तिचा रागच यायचा. मग लक्षात आलं, ह्यांचं तोंड जेवढं उघडतं, तेवढंच ती स्वतःचंही उघडून बसते, बाळाला भरवणाऱ्या आईसारखी. तिच्या ते गावीही नसतं.

परवा नऊ काड्या मावल्या. काड्या काढून ती खुशीत म्हणाली, "अब आंटीजी का नाम बोलिए!"

हे नुसती मान हलवत राहिले. तिला वाटलं, जमत नाहीये.

"नाम तो इन्होंने तीस साल में कभी नहीं लिया," मी म्हटलं. "'अगं' बोलते हैं."

तिनं तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला.

आज मी स्वयंपाकघरात ह्यांच्यासाठी डाळीचं पाणी गाळत होते. बाहेरून हाक आली, "अगं!"

"आले!" आवाज बाईचा आहे हे डोक्यात शिरायच्या आतच मी ओ दिली आणि तशीच धावत बाहेर आले.

ती ह्यांच्यासमोर बसून पुन्हा एकदा 'अगं' म्हणून दाखवत होती. हे माझ्या हातातल्या ठिबकणाऱ्या गाळणीकडे बघत होते.